जुन्या औषधपेटीतल्या बाटल्या: आत काय असायचे, मात्रा कशी वाचायची, आता काय करायचे

प्रश्न असा आहे: सातारा जिल्ह्यातल्या एका घराचा माळा आवरताना लाकडी औषधपेटी निघाली. तीत कॉलिस ब्राउनच्या क्लोरोडाइनची अर्धी भरलेली बाटली, निळ्या काचेची सहा अंगांची बिनलेबलाची बाटली (तळाशी पिवळे, वाळलेले खडे), खाचांची कागदी पट्टी चिकटवलेली मिक्श्चरची बाटली, बीचमच्या गोळ्यांची डबी, क्विनीनच्या ‘टॅब्लॉइड’ची काचनळी, डोंगरे बालामृताची रिकामी बाटली आणि डॉक्टरची एक इंग्रजी चिठ्ठी आहे. हे किती जुने, आत काय होते, चिठ्ठीत जागोजागी ‘३’ का लिहिलाय आणि यातले काही वापरता येईल का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. यातले काहीही वापरायचे नाही, चाखायचे नाही, बूच काढून हुंगायचेही नाही. आणि निळ्या बाटलीचे बूच तर फिरवायचेसुद्धा नाही.

निळी किंवा हिरवी, अंगावर उभ्या रेघा असलेली सहा बाजूंची बाटली ही विषाची बाटली. रात्री कंदिलाच्या उजेडात चुकून हातात आली तरी बोटांना कळावे म्हणून तिला कोन आणि रेघा. ‘पोटात घेऊ नये’ या अर्थाची इंग्रजी अक्षरे बहुधा काचेतच उठवलेली असतात. तीत कार्बोलिक अ‍ॅसिड, टिंक्चर आयोडीन, चोळायची लिनिमेंट असे बाहेरून लावायचे काहीही असू शकते. पिवळ्या खड्यांच्या बाबतीत तीन शक्यता धरा. आयोडोफॉर्म असेल तर जुन्या दवाखान्याचा तो उग्र वास बूच बंद असूनही पेटीभर पसरलेला असेल. गंधक असेल तर काळजी नाही. तिसरी शक्यता पिक्रिक अ‍ॅसिडची. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत भाजल्यावर लावायला त्याचे पातळ द्रावण सर्रास वापरत. ओले असेपर्यंत त्याच्या स्फोटाची भीती फारशी नसते, पण वर्षानुवर्षांत पाणी उडून कोरडे स्फटिक उरले की तो स्फोटक पदार्थ होतो, आणि घर्षणाने उडू शकतो. धातूच्या झाकणाशी संयोग होऊन बनलेले क्षार तर आणखी संवेदनशील. बुचाच्या खोबणीत अडकलेला एखादा कण फिरवण्याच्या घर्षणाने पेट घेतो, धोका तिथे आहे. बाटली आहे तिथेच ठेवा, उन्हापासून आणि मुलांपासून दूर. लांबून फोटो काढा आणि स्थानिक पोलिसांना ‘पिक्रिक अ‍ॅसिड असू शकते’ असे स्पष्ट शब्दांत सांगा. गंधक निघाले तर चारजण हसतील, तेवढे चालेल.

आता क्लोरोडाइन. जॉन कॉलिस ब्राउन हा ब्रिटिश लष्करातला डॉक्टर. हिंदुस्थानात नोकरीवर असताना, १८४८ च्या सुमारास, पटकीवर (कॉलऱ्यावर) द्यायला म्हणून त्याने हे मिश्रण बसवले आणि १८५६ मध्ये ते बनवून विकण्याचा हक्क लंडनच्या जे. टी. डेव्हनपोर्ट या केमिस्टाला दिला. लगेच नकला निघाल्या. फ्रीमन नावाच्या प्रतिस्पर्ध्याशी १८६४ मध्ये कोर्टात गाजलेला खटला झाला. मूळ शोध ब्राउनचाच असा निर्वाळा मिळाला आणि पुढची कित्येक दशके डेव्हनपोर्टने तो निर्वाळाच जाहिरात म्हणून छापला. तुमच्या बाटलीच्या वेष्टणातही तो मजकूर असण्याची शक्यता आहे.

मूळ कृती गुप्त होती. पण डॉक्टर ते लिहून देऊ लागले तेव्हा ब्रिटिश फार्माकोपियाला (औषधांच्या कृतींच्या अधिकृत ग्रंथाला) त्याच धर्तीचे अधिकृत मिश्रण द्यावे लागले. १८९८ च्या आवृत्तीतले प्रमाण १००० मिलिलिटरला असे: क्लोरोफॉर्म ७५ मिलि, मॉर्फीन हायड्रोक्लोराइड १० ग्रॅम, पातळ हायड्रोसायनिक अ‍ॅसिड ५० मिलि, मिरचीचे टिंक्चर २५ मिलि, गांजाचे टिंक्चर १०० मिलि, पेपरमिंट तेल दीड मिलि, ग्लिसरीन २५० मिलि, बाकी अल्कोहोल. मात्रा ५ ते १५ मिनिम. एवढ्या मोठ्या यादीत काम करणारा माणूस एकच: मॉर्फीन. ते आतड्याची हालचाल मंदावते, कळ मारते आणि झोप आणते. साध्या जुलाबाला लोक ‘जादू’ म्हणत ती याचीच. क्लोरोफॉर्मचा गोडसर चटका, मिरचीची ऊब आणि पेपरमिंटचा थंडावा यांनी ‘औषध लागू पडले’ ही भावना पहिल्या मिनिटात मिळायची. खऱ्या पटकीत मात्र माणूस मरतो तो शरीरातले पाणी आणि क्षार गेल्याने, आणि त्यावर या बाटलीत काहीच नव्हते.

हिशेब करून पाहा. १५ मिनिम म्हणजे सुमारे ०.९ मिलि, त्यात साधारण ९ मिलिग्रॅम मॉर्फीनचा क्षार. एका औंसाच्या म्हणजे २८ मिलिच्या बाटलीत २८० मिलिग्रॅम. सवय नसलेल्या माणसाचा जीव घ्यायला हे पुरते. क्लोरोडाइनने मृत्यू होत आणि व्यसन लागे, त्याचे कारण या हिशेबात आहे.

त्यात तीन गोष्टी हमखास बिघडायच्या. पहिली थेंबाची. लेबलावर मात्रा थेंबांत असायची, पण मिनिम हे मोजमापाच्या काचेतले माप आहे, थेंब हे माप नव्हेच. पाण्याचा थेंब ढोबळमानाने एका मिनिमइतका भरतो. अल्कोहोल आणि क्लोरोफॉर्मचे थेंब बरेच लहान पडतात, आणि बाटलीचे तोंड रुंद असेल तर पुन्हा मोठे. म्हणजे दोन घरांतले ‘वीस थेंब’ सारखे नसायचे. दुसरी, घटक थरांत वेगळे होण्याची. न हलवता ओतले तर वरचा आणि खालचा डोस वेगळा. तिसरी आपल्या हवेत जास्त: बूच सैल झाले की क्लोरोफॉर्म आणि अल्कोहोल उडतात, मॉर्फीन उडत नाही. अर्धी उरलेली जुनी बाटली नव्या बाटलीपेक्षा कमी नव्हे, जास्त कडक असते. ‘इतकी वर्षे झाली, आता काय दम राहिलाय’ हा तर्क इथे उलटा पडतो.

कायद्याची बाजूही आहे. ०.२ टक्क्यांहून जास्त मॉर्फीन असलेले मिश्रण १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात येते. रिकामी बाटली ठेवायला हरकत नाही. भरलेली घरात ठेवू नका, नळाखाली ओतू नका आणि जुन्या वस्तूंच्या बाजारात तर मुळीच विकू नका. जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयाला लेखी कळवून त्यांच्या सांगण्याप्रमाणे सोपवा.

जाता जाता, ‘पेटंट औषध’ हा शब्दच फसवा आहे. पेटंट घ्यायचे तर कृती जाहीर करावी लागते, आणि या मंडळींना नेमकी तीच लपवायची होती. त्यांच्याकडे असायचे ते नावाचे आणि चित्राचे हक्क. बाटलीच्या तोंडावरून चिकटवलेली ब्रिटिश सरकारी तिकिटाची पट्टी लोकांना सरकारी हमी वाटायची. प्रत्यक्षात ती फक्त कर भरल्याची पावती. हा कर १७८३ पासून १९४१ पर्यंत होता. एक शिलिंगपर्यंतच्या औषधावर दीड पेनी, म्हणून जुन्या किमती ‘१ शिलिंग दीड पेनी’ अशा विचित्र दिसतात. १९१५ मध्ये कर दुप्पट झाला आणि तीच किंमत १ शिलिंग ३ पेन्स झाली. बीचमच्या डबीवर यातली कोणती किंमत आहे ते बघा, काळ कळायला एवढी सोपी खूण दुसरी नाही.

बीचमच्या गोळ्यांचे रहस्य फार लहान आहे. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९०९ मध्ये अशा गुप्त औषधांची पृथक्करणे छापली. बीचमच्या गोळीत निघाले अर्धा ग्रेन (सुमारे ३२ मिलिग्रॅम) एलिया (आपला काळाबोळ), त्याहून किंचित जास्त सुंठ आणि थोडा साबण. एका डबीत ५६ गोळ्या, आणि त्यांतल्या मालाची किंमत अर्धा फार्दिंग, म्हणजे पेनीचा आठवा भाग. जाहिरात मात्र ‘डबी एका गिनीच्या (२१ शिलिंगांच्या) मोलाची’ अशी. आजीच्या बटव्यात काळाबोळ आणि सुंठ दोन्ही असायचे. विलायती डबीत साबण तेवढा नवा. एनोच्या फ्रूट सॉल्टमध्येही फळ शोधू नका: सोडा बायकार्ब आणि टार्टरिक-सायट्रिक अ‍ॅसिड, एवढाच तो फेस.

चिठ्ठी आणि मिक्श्चर यांवर जरा थांबायला हवे, कारण पेटीतला खरा औषधी कारभार तिथे आहे.

चिठ्ठीतला ‘३’ हा मराठी तीन नव्हे. ती ड्रामची खूण आहे, आणि ती आपल्या तीनसारखी दिसते हा केवळ योगायोग. त्याच खुणेला वर आणखी एक वळण असले की औंस. आकडा खुणेनंतर येतो, तोही बहुधा रोमन, डोक्यावर ठिपके दिलेल्या उभ्या काड्यांचा. शेवटची काडी खाली वळवलेली असते, मागाहून कोणी आणखी एक काडी वाढवू नये म्हणून. ‘३’ आणि दोन काड्या म्हणजे दोन ड्राम. ‘तीन, दोन’ किंवा ‘बत्तीस’ असे वाचू नका. दोन एस जोडून लिहिलेले असतील तर अर्धा. वजन असे चालते: २० ग्रेन म्हणजे १ स्क्रूपल, ३ स्क्रूपल म्हणजे १ ड्राम (६० ग्रेन), ८ ड्राम म्हणजे औषधी औंस (४८० ग्रेन). एक ग्रेन ६४.८ मिलिग्रॅमचा. पातळ पदार्थात ६० मिनिमांचा एक ड्राम (३.५५ मिलि), ८ ड्रामांचा एक औंस (२८.४ मिलि), २० औंसांचा एक पाइंट. चमचा लिहिला असेल तर टीस्पून एक ड्रामचा, टेबलस्पून अर्ध्या औंसाचा. आजचा ५ मिलिचा चमचा त्या टीस्पूनपेक्षा मोठा आहे हे लक्षात असू द्या.

आडगावात औषधी वजने नसली तर नाणी चालत. राणीछाप रुपया बरोबर १८० ग्रेनचा, म्हणजे एक तोळा, म्हणजेच तीन ड्राम. अधेली ९०, पावली ४५. तोळ्याच्या ९६ गुंजा, तेव्हा पाच ग्रेन क्विनीन म्हणजे पावणेतीन गुंजांपेक्षा किंचित कमी. झिजलेल्या नाण्याने माप कमी भरायचे, ते वेगळे.

मिक्श्चरची बाटली बहुतेक आठ औंसांची, पट्टीवर आठ भाग, एका वेळी एक खाच. तापाच्या साध्या मिक्श्चरचे उदाहरण घ्या: आठ डोसांत प्रत्येकी ५ ग्रेन क्विनीन सल्फेट द्यायचे तर ४० ग्रेन. क्विनीन सल्फेट नुसत्या पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून ते खलात थोड्या पाण्याबरोबर घ्यायचे, ग्रेनमागे एक मिनिम या हिशेबाने ४० मिनिम पातळ सल्फ्युरिक अ‍ॅसिड घालायचे, ढवळले की पाणी स्वच्छ होते. मग ते बाटलीत गाळून पाण्याने आठ औंस भरायचे. उन्हात धरले तर कडेला फिकट निळी झाक दिसते. इथे कंपाउंडरने पोट सांभाळायला म्हणून त्यातच सोडा बायकार्ब टाकला, की अ‍ॅसिड मारले जाते आणि क्विनीन दह्यासारखे खाली बसते. पहिले सहा डोस जवळजवळ पाणी, शेवटच्या दोनांत सगळा माल.

क्विनीनच्या बाबतीत यातून कान वाजण्यावर भागते. स्ट्रिक्नीनच्या बाबतीत माणूस जातो. काजऱ्याच्या बीतले हे द्रव्य त्या काळी शक्तिवर्धकांत सढळ हाताने असे. ईस्टन सिरपच्या एका ड्राममध्ये १/३२ ग्रेन. स्ट्रिक्नीनचा क्षार आणि पोटॅशियम ब्रोमाइड एकाच मिक्श्चरमध्ये लिहिले तर ताजे औषध स्वच्छ दिसते, पण हळूहळू स्ट्रिक्नीनचे स्फटिक तळाशी जमतात आणि शेवटच्या डोसात आठवड्याचे विष एकदम येते. औषधनिर्माणाच्या पाठ्यपुस्तकांत हे विसंगतीचे ठरलेले उदाहरण आहे. न विरघळणारी पूड असली तर औंसाला १० ग्रेन ट्रॅगाकांथची (एका डिंकाची) संयुक्त पूड घालून ती तरंगती ठेवायची आणि ‘हलवून घ्या’ची चिठ्ठी लावायची, ती चिठ्ठी पडून गेली की बाटली तितकीच फसवी.

तुमच्या बाटलीच्या तळाशी गाळ असेल तर तो काय आहे हे न उघडता थोडेफार तपासता येते. नोटा पारखायचा जांभळा दिवा अंधारात काचेवर धरा. निळसर-पांढरी चमक आली तर क्विनीनची दाट शक्यता. जुनी काच स्वतःच हिरवट चमकते, ती वेगळी ओळखा. चमक आली नाही म्हणून क्विनीन नाही असे मात्र ठरवू नका. क्लोराइड असले की ती दबते.

‘टॅब्लॉइड’ हे बरोज वेलकम कंपनीने १८८४ मध्ये नोंदवलेले नाव. म्हणजे दाबून केलेली गोळी. वर सांगितलेली सगळी भांडणे, थेंबाची, गाळाची, खाचांची, तिने मिटवली, म्हणून ती लोकप्रिय झाली. स्वस्त क्विनीनसाठी सरकारने बंगालमध्ये १८९२ पासून पोस्टातून एका पैशाची पुडी विकायला सुरुवात केली होती. बाजारातल्या क्विनीनमध्ये भेसळ इतकी, की १९३०-३१ मध्ये कर्नल चोप्रा यांच्या समितीला औषधांच्या दर्जाची चौकशी करावी लागली. १९४० चा औषध कायदा त्यातून आला. समितीआधीच्या काळातली बाटली अस्सल कंपनीची असली तरी आतला माल लेबलाप्रमाणे असेलच असे नाही. उष्ण हवेत डिजिटॅलिसची (हृदयावरची) आणि अर्गटची (बाळंतपणातल्या रक्तस्रावावरची) औषधे वखारीतच निकामी होत, स्वीट नायटर हे तापावरचे औषध बाटलीत उडून जाई.

डोंगरे बालामृताची बाटली रिकामी आहे, तेव्हा ती निश्चिंतपणे ठेवा. गिरगावच्या या कंपनीने विलायती धंद्याचा धडा उत्तम गिरवला होता: ठसठशीत नाव, गुटगुटीत बाळ, वर्तमानपत्रांत सतत जाहिरात. तसेच १८७२ चे पनवेलचे धूतपापेश्वर, १८९३ मध्ये मुंबईत निघून १९१४ मध्ये मद्रासला गेलेले अमृतांजन, १९१० चे झंडू. विलायती बाजूला १८६८ ची केम्प कंपनी. तिच्या दुकानावरूनच केम्प्स कॉर्नर हे नाव पडले. लाहोरच्या ठाकूरदत्त शर्मांच्या अमृतधारेच्या धर्तीचे औषध आजही काष्ठौषधींच्या दुकानात मिळते: ओव्याचे फूल (थायमॉल), पुदिन्याचे फूल (मेंथॉल) आणि कापूर, समभाग. तिन्ही कोरडे खडे एकत्र घोटले की पाणी होते, कारण मिश्रणाचा वितळबिंदू खोलीच्या तापमानाखाली उतरतो. हीच गोष्ट पुड्या बांधणाऱ्या केमिस्टाची डोकेदुखी होती. मेंथॉल आणि कापूर एका पुडीत आले की कागद ओला. उपाय म्हणजे दोन्ही वेगवेगळे हलक्या मॅग्नेशियम कार्बोनेटमध्ये घोळवून मगच एकत्र करायचे.

वय ठरवताना लेबलाआधी काच बघा. साच्याची शिवण मानेपाशीच थांबत असेल तर तोंड हाताने घडवलेले, बहुधा १९१० च्या आसपासचे किंवा आधीचे. शिवण ओठावरून आरपार गेली असेल तर यंत्राची, म्हणजे विसाव्या शतकातलीच. तळाला काच तोडल्याचा खरबरीत व्रण असेल तर आणखी मागे जा. किंमत आण्यांत असेल तर एप्रिल १९५७ च्या आधीची, नव्या पैशांत असेल तर नंतरची. लायसन्स नंबर आणि बॅच नंबर छापलेले असले तर ती १९४० च्या कायद्यानंतरची. एकच खूण पाहून निकाल देऊ नका. केमिस्ट जुन्या बाटल्या धुऊन पुन्हा भरत.

रिकाम्या बाटल्या पाण्यात बुडवू नका. लेबले खळीने चिकटवलेली असतात, भिजली की सुटतात आणि शाई पसरते. मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढा, सुटलेल्या कोपऱ्याला सेलोटेप लावू नका, पावसाळ्यात बंद प्लॅस्टिकमध्ये ठेवू नका. खळीसाठी कसर येते, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी पेटी उघडून बघा. चिठ्ठी लॅमिनेट करू नका. त्या काळी केमिस्ट चिठ्ठी आपल्या वहीत उतरवून तिच्यावर शिक्का आणि नंबर टाकून गिऱ्हाइकाला परत द्यायचा, आणि तोच नंबर बाटलीच्या लेबलावर लिहायचा. तुमच्या चिठ्ठीची मागची बाजू पाहा. तिथला नंबर मिक्श्चरच्या बाटलीवरच्या नंबराशी जुळला, तर ते औषध याच चिठ्ठीचे, आणि तळाचा गाळ कशाचा हे बूच न काढता चिठ्ठीतच वाचता येईल.